सत्तेचाळीस नंबरची बाटली

१

एकोणीसशे सदुसष्ट सालच्या जानेवारीतल्या एका सोमवारी, सकाळी अकरा वाजता, लोणावळ्याच्या सह्याद्री जीवाणू संशोधन मंदिरात कर्करोगावरचं औषध चोरीला गेल्याचं उघडकीस आलं. औषध अजून तयार झालेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण ते चोरीला गेलं आहे, याबद्दल संचालक डॉ. दिगंबर सबनीस यांना तिळमात्र शंका नव्हती.

संशोधन मंदिर म्हणजे एका पारशी कुटुंबाचा जुना उन्हाळी बंगला. दिवाणखान्यात सूक्ष्मदर्शक, स्वयंपाकघरात फ्रिज, आणि न्हाणीघरातल्या विलायती टबात भिजत घातलेल्या काचेच्या बशा. या बशांत खळीसारखा एक थर ओतायचा आणि त्यावर आतड्यातले जीवाणू वाढवायचे. हे जीवाणू साधे नसत. प्रत्येकाच्या पोटात एक विषाणू झोपलेला असे. जीवाणूंना खाणाऱ्या या विषाणूंना परदेशात ‘फाज’ म्हणतात. कर्करोगाच्या पेशींना मारणारी काही द्रव्यं जीवाणूंवर टाकली की हा झोपलेला खडबडून जागा होतो, पिलावळ वाढवतो, जीवाणू फोडून बाहेर पडतो आणि शेजाऱ्यांनाही खातो. मग बशीतल्या दुधट सायीवर टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोकं दिसतात.

थोडक्यात, भोक पडलं की आशा. डॉक्टर मावळातल्या गावोगावची माती आणून, भिजवून, चिनी मातीच्या गाळणीतून गाळून तिचं पाणी या बशांवर टाकत. सेहेचाळीस गावांच्या मातीनं त्यांना काहीही दिलं नाही. सत्तेचाळिसावी माती कुरवंड्याची, तिथल्या गेणू नावाच्या शेतकऱ्यानं दिलेली. तिनं तीन वेळा बशीची चाळण करून टाकली.

त्यावर त्या सोमवारी मुंबईहून तीन तज्ज्ञ पाहायला आले. त्यांच्यासमोर डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळी लावलेल्या बशीचं झाकण उचललं. बशी गुळगुळीत होती. एक भोक नव्हतं. तज्ज्ञांनी ती खिडकीशी धरली, चष्मे पुसले, पुन्हा धरली, आणि मग हवापाण्याविषयी चौकशी करून स्टेशनकडे निघाले. वाटेत त्यांनी चिक्की घेतली. संशोधन मंदिराच्या भेटीतून त्यांनी सोबत नेलं ते एवढंच.

डॉक्टरांनी फ्रिजमधली बाटली काढली आणि ओरडले, “लेबल पाहा! लेबल!”

लेबल वाकडं होतं. शाई फुटली होती. आणि बाटलीतलं पाणी आधीपेक्षा बोटभर खाली होतं.

“कुणीतरी खरी बाटली पळवली, आणि हे लेबल सोलून दुसऱ्या बाटलीला चिकटवलं. शनिवारी गेणू फ्रिजपाशी घुटमळत होता. त्याच्या मुठीत छोटी बाटली होती, मी डोळ्यांनी पाहिली.”

“पण सर, गेणू...” असं त्यांची मदतनीस सरोजिनी उपासनी म्हणाली. या संस्थेत तिची बहुतेक वाक्यं इथवरच पोचत.

“बुधवारी सकाळपर्यंत त्यानं बाटली आणून दिली नाही, तर पोलीस,” डॉक्टर म्हणाले. “आणि तोपर्यंत चिंतामणरावांना बोलवा.”

२

चिंतामणराव पोंक्षे हे संस्थेचे मानद चिटणीस. तळेगावला राहत आणि घोरावाडी स्टेशनवरून गाडी पकडत, कारण तिथं बसायला जागा मिळते असं त्यांचं म्हणणं. बत्तीस वर्षं रेल्वेच्या क्लेम खात्यात काढलेली. हरवलेला, फुटलेला, सांडलेला आणि उंदरांनी खाल्लेला माल, आणि त्यासाठी भांडणारी माणसं, यांच्यात त्यांचं आयुष्य गेलं. जीवाणूंविषयी त्यांना काही कळत नसे. ते तसं कबूल करत, म्हणूनच विश्वस्त मंडळात ते एकटे वेगळे दिसत.

मंगळवारी सकाळी ते आले. आधी बाटली बघितली. उन्हात धरली, नाकाशी नेली, लेबलाच्या कडेला नख लावलं. मग फ्रिज उघडून त्याच्या कप्प्यात वाकून पाहिलं. एका रांगेत पंधरावीस मुंग्या शिस्तीत चालल्या होत्या. बाकीच्या बाटल्यांना ओलांडून त्या नेमक्या सत्तेचाळीस नंबरच्या जागेपाशी पोचत होत्या आणि तिथं बाटली नसल्यामुळे गोंधळून उभ्या होत्या.

“सरोजिनीबाई, तुम्ही लेबलं कशानं चिकटवता?”

“डिंकानं, काका.”

“मुंग्यांना डिंकाचं एवढं कौतुक नसतं. हे भाताच्या शितानं चिकटवलंय. बरं, अक्षर कुणाचं?”

“माझंच. लेबल तेच आहे. सर म्हणतात तसं सोललेलं असेल.”

“कोरडं लेबल सोललं तर फाटतं. शाई फुटत नाही. हे भिजलंय.” त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. “आता मला हे भोकांचं प्रकरण समजावून सांगा. तिकीट खिडकीवरच्या माणसाला सांगावं तसं.”

सरोजिनीनं सांगितलं. तिचं वाक्य पहिल्यांदाच कुणी तोडलं नाही, त्यामुळे तिला मध्येमध्ये अडखळायला झालं. शेवटी चिंतामणराव म्हणाले, “म्हणजे घरात माणूस झोपलाय. तुम्ही दार ठोठावता. तो उठून दार उघडतो. औषध म्हणजे ठोठावणं.”

“अगदी तसंच.”

“आणि ज्या घरात कुणी झोपलेलंच नाही, त्याचं दार कधी ठोठावून पाहिलं?”

सरोजिनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहत हळूच म्हणाली, “तशा बशा लावायच्या असतात. रिकाम्या जीवाणूंच्या. पण आपल्याकडे एकूण बशाच चाळीस, त्यात अकरा फुटलेल्या. सर म्हणाले, जिथं काही होणारच नाही ते बघण्यात बशा कशाला घालवायच्या? मी एकदा म्हटलं होतं, की सर...”

“आणि तिथंच थांबलात.”

“मला एका औषधांच्या कारखान्याचं बोलावणं आलंय, काका. सरांना वाटतं, मीच बाटली तिकडे नेली असेल. तसं म्हणाले नाहीत. पण आज त्यांनी मला बाटलीला हात लावू दिला नाही.”

चिंतामणरावांनी हेही लिहून घेतलं. मग टबापाशी बसून बशा घासणाऱ्या चिमाबाईंकडे वळले. चिमाबाई भुशीकडच्या. साठीच्या पुढच्या, आणि संस्थेतल्या सर्वांत जुन्या.

“चिमाबाई, ती बाटली कुणी बदलली?”

“कोन बदलतंय? मातीचं पानी ते, आबा. त्याला काय सोनं लागलंय?”

“तुम्ही बदललीत?”

“म्या? गळ्याशप्पत न्हाई!”

“कुणी चोरताना पाहिलंत?”

“न्हाई. आन् गेणू तसला न्हाई. डाक्टरसायेब लय तापलेत म्हून बोलत्यात.”

तीन प्रश्न, तीन सरळ उत्तरं, तिन्ही खरी. बत्तीस वर्षांच्या अनुभवातून चिंतामणरावांना ठाऊक होतं, की अशा वेळी चूक उत्तरात नसते. ते टोपी घालून कुरवंड्याला निघाले.

३

कुरवंडे म्हणजे नागफणीच्या कड्याकडे तोंड करून बसलेलं गाव. मुंबईची माणसं कड्यावरून दरी बघायला येतात. गावची माणसं दरीकडे पाठ करून शेण थापतात, कारण दरी कुठं पळून जात नाही. गेणूच्या घरापुढं भाताच्या पेंढ्याची उडवी रचलेली होती. उन्हात त्याची बायको येसू बसली होती. तिशीची असेल. डावा हात ती अंगाशी धरून होती, कडेवर मूल नसताना ते असल्यासारखा.

गेणूनं चिंतामणरावांना पाहिलं आणि तो उभ्या जागी खाली बसला.

“पोलीस आनलं का, आबा?”

“पोलीस चालत येत नाहीत. बाटली कुठंय?”

गेणू आत गेला. देवाच्या फळीवरून बोटाएवढी बाटली घेऊन आला. आत पिवळट पाणी होतं. चिंध्यांचं बूच घट्ट बसवलेलं.

“ही येवढीच घेतली. शनवारी. मोठ्या बाटलीतनं. देवाशप्पत दुसरं काय न्हाई केलं. हिच्यासाटनं.”

येसूनं मान फिरवली. मग फिरवलेल्या मानेनंच बोलली, “छातीत गाठ हाय. दिवाळीत सरकारी दवाखान्यातला डाक्टर म्हनला, परळला जावा, कापून घ्या, आत्ताच घ्या. ह्ये म्हनले, कापायचं कशाला? आपल्याच मातीतनं औशीद निघतंय. सबनीससायबानीच सांगितलंय, गेणू, तुझ्या मातीनं जग बरं हुईल.”

“मग घेतलंत का?”

“न्हाई.”

“का?”

“चोरून आनलेलं घ्यायचं का? सायेब आपल्या हातानं देतील तवा घीन. मी ह्यान्ला म्हनलं, परत नेऊन ठिवा. तर ह्यान्ला भ्या वाटतंय.”

“दिवाळीला गाठ केवढी होती?”

येसूनं बोटाचं पेर दाखवलं. मग, न विचारताच, मूठ मिटून दाखवली.

चिंतामणरावांनी मनात हिशोब केला. दोन महिने. पेरापासून मुठीपर्यंत. क्लेम खात्यात उशिराला टक्केवारी असते. इथं ती कोण लावणार?

“गेणू,” ते म्हणाले, “वहीत लिहिलंय, माती नागफणीच्या कड्याखालच्या रानातली. मला ती जागा दाखव.”

गेणू उठला. पण रानाकडे न जाता अंगणातच पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला.

“रानातली न्हाई का?”

“रानात मुरूम हाय, आबा. लाल, कोरडा. त्यात गवत बी धड येत न्हाई. येवढा शिकलेला मानूस आपल्या दाराशी येऊन माती मागतोय. त्येला काय मुरूम द्यायचा? लोक काय म्हनत्याल, कुरवंड्यात काय पिकतच न्हाई?” त्यानं गोठ्यामागं बोट दाखवलं. तिथं शेणखताचा खड्डा होता, काळाभोर, वाफ सोडणारा. दोन म्हशी आणि एक बैल त्याच्याकडे अभिमानानं बघत होते. “आमची सगळ्यात चांगली माती ती. तीच दिली. चाळून दिली.”

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“त्यानी इचारलंच न्हाई. डबा बघितला आन् म्हनले, वा!”

चिंतामणरावांनी बोटाएवढी बाटली रुमालात गुंडाळली. जाता जाता येसूला म्हणाले, “बाई, उद्यापर्यंत वाट बघा. परवापर्यंत नको.”

४

परत आल्यावर त्यांनी डॉक्टरांना गेणूची बाटली आणि येसूची गाठ, दोन्हींविषयी सांगितलं, आणि पुन्हा चिमाबाईंना गाठलं. आता त्यांच्याकडे वेगळा प्रश्न होता.

“चिमाबाई, रविवारी इथं लाईट होती का?”

“कुटली? शनवार रातपासनं गेलती. सकाळी आले तर ह्ये कपाट गरम, खाली पानीच पानी.”

“फ्रिजमध्ये डॉक्टरांचं दूध होतं?”

“व्हतं की, पातेलंभर.”

“त्याचं काय केलंत?”

“तापवलं! नासलं आसतं ना.” आणि मग कौतुकाच्या अपेक्षेनं चिमाबाई पुढं म्हणाल्या, “आन् ती बाटली बी तापवली. डाक्टर रोज म्हनायचे, चिमाबाई, हिला जपा, ही थंड राह्यली पायजे, नासली तर समदं गेलं. मंग टोपात पानी घेतलं, बाटली उबी केली, आन् दूध उकळतंय तवर तिला बी चांगल्या तीन उकळ्या दिल्या. वाफ गेली थोडी. कागुद निघाला, तो शितं लावून चिकटवला. नासू न्हाई दिली, आबा.”

“मग मी सकाळी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलं, चोरली का, बदलली का. तापवली का, आसं कुटं इचारलंत?”

आतल्या खोलीत डॉक्टरांनी हे ऐकलं. ते दारात आले. चेहरा पांढरा पडला होता, पण त्यावर आशेसारखंही काहीतरी होतं.

“उकळलं! म्हणजे औषध उकळल्यानं निकामी झालं. पण होतं! चिंतामणराव, होतं ना? गेणूच्या बाटलीत अजून ते आहे!” त्यांनी हात पुढं केला. “द्या इकडे. मी आजच येसूला टोचायला...”

“थांबा,” असं कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी वळून पाहिलं. सरोजिनी होती. “थांबा, सर. आधी रिकामी बशी.”

५

मंगळवारी संध्याकाळी सरोजिनीनं चार बशा लावल्या. पहिलीत झोपलेल्या विषाणूंचे जीवाणू आणि गेणूच्या बाटलीतलं पाणी. दुसरीत रिकामे जीवाणू, ज्यांच्या पोटात कुणीच झोपलेलं नाही, आणि तेच पाणी. तिसरीत पुन्हा रिकामे जीवाणू आणि तेच पाणी, पण चिमाबाईंच्या पद्धतीनं तीन उकळ्या दिलेलं. चौथीत नुसते रिकामे जीवाणू, वरून काहीच नाही. उकळ्या चिमाबाईंनीच दिल्या. त्या बाबतीत त्यांचा हात बसलेला होता.

बुधवारी सकाळी सगळे टेबलाभोवती जमले. गेणूही आला होता, दाराशी उकिडवा बसला होता. पोलीस की सुटका, हे बशांवर ठरणार, एवढंच त्याला कळलं होतं.

पहिलं झाकण. चाळण. डॉक्टरांनी श्वास सोडला.

चौथं झाकण. गुळगुळीत. बशा स्वच्छ होत्या, म्हणजे चिमाबाईंच्या घासण्यावर बोट ठेवायला जागा नव्हती.

तिसरं. गुळगुळीत.

दुसऱ्या झाकणावर सरोजिनीचा हात थोडा थांबला. मग तिनं ते उचललं.

चाळण.

मागच्या खोलीत टबाचा नळ ठिबकत होता.

“मला शास्त्र कळत नाही,” चिंतामणराव म्हणाले. “पण हरवलेल्या मालाच्या बाबतीत आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माल मुळात गाडीत चढवला होता का? एकदा एक गृहस्थ चाळीस करंड्या कलिंगडांसाठी तीन वर्षं भांडले. शेवटी निघालं, की त्यांचा मुनीम त्या दिवशी स्टेशनवर गेलाच नव्हता. माणूस खोटारडा नव्हता, डॉक्टर. त्याला कलिंगडं खरोखर दिसत होती.”

डॉक्टर दुसऱ्या बशीकडे बघत होते.

“ज्या घरात कुणी झोपलेलंच नाही, तिथं तुम्ही ठोठावलं आणि आतून दार उघडलं. मग उघडणारा आत कुठून आला? बाहेरूनच. तुमच्या बाटलीतून. ठोठावणारं औषध तिच्यात नव्हतं, विषाणूच होता. जिता. जनावरांच्या आतड्यात जीवाणू असतात, त्यांना खाणारे विषाणूही तिथंच असतात, असं सरोजिनीबाई मला काल सांगत होत्या. शेणात ते मावत नाहीत. गेणूनं माती दिली ती खताच्या खड्ड्यातली. तुमच्या चिनी मातीच्या गाळणीतून जीवाणू जात नाहीत, विषाणू जातात. तीन उकळ्यांत ते मेले. चोरी झालेली नाही. चोरण्यासारखं काही नव्हतं.”

“खताची माती?” डॉक्टर गेणूकडे वळले. “मी रानातली सांगितली होती!”

“तुमाला मुरूम कसा द्यायचा, सायेब?” गेणू म्हणाला.

डॉक्टर खुर्चीवर बसले. त्यांची आई याच रोगानं गेली होती. हे संस्थेत सर्वांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. सेहेचाळीस मात्या निमूट राहिल्यावर सत्तेचाळिसावीनं ‘हो’ म्हटलं, तेव्हा तिला उलटा प्रश्न विचारायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. एका रिकाम्या बशीचा खर्च त्यांनी वाचवला तो काही कंजूषपणानं नव्हे.

“तज्ज्ञांना आज लिहितो,” ते म्हणाले. “सरोजिनीबाई, तुम्ही हे मला आधी...”

“सांगत होते, सर.”

“हो. सांगत होतात.”

“एक मात्र लिहा,” चिंतामणराव टोपी उचलत म्हणाले. “या संस्थेत आजवर या बाटलीची धड परीक्षा एकाच माणसानं घेतली, आणि ती चिमाबाईंनी. आता पत्र नंतर. अकरा चाळीसची गाडी मुंबईला जाते. कुरवंड्यात येसू तुमच्या हातच्या औषधासाठी दोन महिने थांबली आहे. औषध नाही, हे तिला तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे. माझ्याकडून ती ऐकणार नाही.”

डॉक्टर उठले. पायात चपला सरकवल्या त्या कुणाच्या, हे त्यांनी पाहिलं नाही. गेणूच्या पुढं पुढं ते कुरवंड्याच्या वाटेला लागले. ती गाडी चुकली. पुढची मिळाली. येसूला परळच्या इस्पितळात त्यांनी स्वतः नेलं, रांगेत स्वतः उभे राहिले, आणि कागदावर नातं विचारल्यावर थोडा विचार करून ‘जबाबदार’ असं लिहिलं.

६

होळी झाल्यावर येसू संशोधन मंदिरात आली. अंगानं निम्मी झाली होती, डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आणखी महिनाभरानं आली असती तर कापण्यात अर्थ नव्हता. आताही दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचं होतं. तिच्या उजव्या हातात झाकणाचा डबा होता.

“ही घ्या,” ती डॉक्टरांना म्हणाली. “नागफणीखालची. मी सोता उभं राहून खणून घेतली. ह्यान्ला हात लावू दिला न्हाई. मुरूमच हाय, पन तुमी सांगितला तोच.”

डॉक्टरांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. कारखान्याचं बोलावणं नाकारून राहिलेल्या सरोजिनीनं लेबल लिहिलं, डिंकानं चिकटवलं, आणि संध्याकाळी चार बशा लावल्या. येसू रात्री चिमाबाईंकडे भुशीला राहिली आणि सकाळी निकाल बघायला पुन्हा आली.

चारही बशा गुळगुळीत होत्या.

“काय निगालं?” येसूनं विचारलं.

“काही नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि वहीत तसंच लिहिलं.

येसूनं मान हलवली. “बरं,” ती म्हणाली, “पुढच्या टायमाला पलीकडच्या खिंडीतली आनते,” आणि रिकामा डबा मागून घेतला.